गावाला ठाऊक होते : ‘मानों दे सुर्स’विषयी

क्लोद बेरी यांचा ‘जाँ द फ्लोरेत’ हा फ्रेंच चित्रपट १९८६ सालच्या ऑगस्ट महिन्यात प्रदर्शित झाला आणि त्याचा उत्तरार्ध ‘मानों दे सुर्स’ त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आला. दोन्ही भागांचे चित्रीकरण एकत्रच झाले होते. पहिल्या भागाविषयी बोलणारे पुष्कळ भेटतात, कारण त्यात जेरार द्पार्द्यू हा नट आहे आणि पाण्यासाठी झिजून मरणाऱ्या माणसाची गोष्ट कोणाच्याही काळजाला हात घालते. उत्तरार्धाकडे मात्र बापाच्या मरणाचा सूड घेणाऱ्या एका देखण्या मुलीची गोष्ट एवढ्याच नजरेने पाहिले जाते. मला उत्तरार्ध अधिक मोठा वाटतो. पहिल्या भागात आपण दोन माणसांवर रागावतो आणि दुसऱ्या भागात तो राग अख्ख्या गावाकडे वळतो, हे त्याचे कारण आहे. मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला या गावाची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. पुढे शेवटासकट सगळी कथा येणार आहे, तेव्हा ज्यांना चित्रपट कोऱ्या मनाने पाहायचा असेल त्यांनी आधी तो पाहून मग हे वाचावे.

पहिल्या भागात काय घडते ते थोडक्यात सांगते. दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्स प्रांतात, मार्सेय शहराजवळच्या डोंगरात एक खेडे आहे. तिथल्या सुबेराँ या मातब्बर घराण्यात आता दोनच पुरुष उरले आहेत : म्हातारा, अविवाहित सेझार आणि त्याचा पुतण्या उगोलाँ. पुतण्याला कार्नेशनची फुले पिकवायची आहेत आणि त्या पिकाला पाणी भरपूर लागते. शेजारच्या रानात एक जिवंत झरा आहे, परंतु त्या रानाचा मालक विकायला तयार नाही. त्याच्याशी झालेल्या झटापटीत सेझारच्या हातून तो मरतो. ती जमीन मालकाच्या बहिणीच्या, म्हणजे फ्लोरेतच्या मुलाला मिळते. हा मुलगा म्हणजे जाँ. पाठीला कुबड असलेला, शहरात सरकारी नोकरी केलेला, पुस्तके वाचून शेती करू पाहणारा माणूस. तो बायको आणि लहानग्या मानोंला घेऊन येण्याआधीच हे काका-पुतणे झरा सिमेंटने बुजवून टाकतात.

आपल्या भाषेत सांगायचे तर मामाची जमीन भाच्याकडे आली आणि भाचा आजोळी राहायला आला. आजोळ म्हटल्यावर जो जिव्हाळा आपण गृहीत धरतो तो इथे त्याच्या वाट्याला यायला हवा होता. पण सेझार आणि उगोलाँ त्याची फ्लोरेतचा मुलगा ही ओळख गावापर्यंत पोहोचूच देत नाहीत. तो शेजारच्या गावचा, वैरी गावचा उपरा म्हणूनच ओळखला जावा याची ते काळजी घेतात. माणूस आपला नाही असे एकदा ठरले की त्याच्या पाण्याचे काय झाले हे विचारण्याची गरज कोणाला उरत नाही.

जाँ सशांची पैदास करतो, भोपळे लावतो, पावसाची सरासरी वहीत मांडतो, आणि पाऊस त्या सरासरीला जुमानत नाही. तिघे जण दूरच्या झऱ्यावरून पाठीवर पाणी वाहून आणतात. एकदा ढग भरून येतात, गडगडाट होतो आणि सगळा पाऊस पलीकडच्या डोंगरावर कोसळतो, तेव्हा जाँ आभाळाकडे पाहून वर कोणी नाही का म्हणून ओरडतो. मृगानंतर आभाळ रोज भरून यायचे आणि शेजारच्या शिवारात पडून जायचे, अशी सालेच्या साले ज्यांनी काढली आहेत त्यांना या दृश्यात अभिनय दिसणार नाही. पुढे जाँ बेचक्याची काठी हातात धरून पाणी शोधतो, हुबेहूब आपल्याकडचे पाणाडे धरतात तशी. मग तो विहीर पाडायला घेतो. खडकाला सुरुंग लावतो, उत्साहाने पुढे धावतो आणि उडालेल्या दगडाने मरतो. त्याची जमीन सेझारच्या घशात जाते. काका-पुतणे हर्षभराने झरा पुन्हा मोकळा करत असताना लहान मानों ते पाहते, किंचाळते आणि पळत सुटते. पहिला भाग इथे संपतो.

उत्तरार्ध सुरू होतो तेव्हा दहा वर्षे उलटून गेली आहेत. मानों डोंगरात शेळ्या राखते, गावात फारशी येत नाही. उगोलाँची फुले जोरात आहेत, त्याच्याकडे सोन्याची नाणी साठली आहेत, आणि वंश पुढे चालावा म्हणून सेझार त्याच्यामागे लग्नाचा लकडा लावून बसला आहे. त्याच सुमारास उगोलाँ एकदा डोंगरात मानोंला लपून पाहतो आणि तिच्यापायी वेडा होतो. तिच्या केसांची फीत त्याला सापडते. ती तो सुईदोऱ्याने स्वतःच्या छातीवर, कातडीत शिवून घेतो. दानिएल ओतॉय या नटाने हे दृश्य कमालीच्या साधेपणाने केले आहे. चेहऱ्यावर वेदना आहे, पण तिच्यापेक्षा मोठे समाधान आहे, आणि ज्या माणसाचा आपण आतापर्यंत तिरस्कार केला त्याची कीव करण्याची पाळी प्रेक्षकावर येते. या भूमिकेसाठी ओतॉयला फ्रान्समधला सर्वोत्तम अभिनेत्याचा ‘सेझार’ हा चित्रपट पुरस्कार मिळाला, आणि मानोंचे काम करणाऱ्या एमान्युएल बेआरला सहायक अभिनेत्रीचा.

मानोंला आपल्या बापाचे गुन्हेगार लहानपणापासूनच ठाऊक आहेत. तरीही सूड घ्यायला ती उठते ती त्यासाठी नव्हे. दोन गावकरी डोंगरात गप्पा मारत बसलेले असतात, ती आडोशाला असते, आणि त्यांच्या बोलण्यातून तिला कळते की त्या रानात झरा आहे हे गावातल्या जुन्या माणसांना माहीत होते, तो कोणी बुजवला असेल याचाही अंदाज होता, आणि कोणी बोलले नाही. दुसऱ्याच्या भानगडीत आपण पडायचे नाही हा गावाचा रिवाज. चित्रपटाचा खरा घाव मला या साध्या, जवळजवळ निरागस गप्पांमध्ये दिसतो. ते दोघे क्रूर नाहीत. पश्चात्तापाने पोळलेलेही नाहीत. जुनी गोष्ट आठवावी तसे ते सहज बोलून जातात.

आमच्याकडे विहिरीची नोंद सातबाऱ्यावर असते, हिश्श्यांची आणेवारी असते, कोणाची पाळी कधी हेही ठरलेले असते. परंतु पाणी खरोखर कुठे लागते, जुना आड कुठे बुजला, कोणत्या विहिरीला आडवे बोअर मारले की शेजारच्या विहिरीचे पाणी उतरते, हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नसते. ते पारावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात असते, आणि कोणाला सांगायचे व कोणाला नाही हे तिथेच ठरते. बाहेरून जमीन घेऊन आलेला माणूस बोअरमागून बोअर घेत राहतो, प्रत्येक वेळी धुरळा उडतो, आणि बांधावर उभे राहून पाहणाऱ्यांपैकी एखाद्याला तरी कोरडी जागा कोणती हे आधीपासून ठाऊक असते. त्याचे मौन कोणत्याही कायद्याच्या कलमात बसत नाही. जाँकडे सगळी पुस्तके होती. गावाकडे एकच माहिती होती, आणि तीच त्याच्या जिवापेक्षा मोलाची ठरली.

मानोंच्या हाती जे साधन लागते ते या गुन्ह्याला नेमके साजेसे आहे. हरवलेल्या शेळीच्या मागे ती एका कपारीत उतरते आणि तिथे तिला गावाच्या कारंज्याला पाणी पुरवणारा जमिनीखालचा प्रवाह सापडतो. ती दगडमातीने तो तुंबवते. प्रोव्हान्सचे डोंगर चुनखडीचे आहेत. पावसाचे पाणी त्या खडकाच्या भेगांतून खाली उतरते, आत वाटा कोरते आणि लांब कुठेतरी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते, म्हणून एक तोंड बंद केले की दूरचे गाव कोरडे पडू शकते. आपल्या काळ्या पाषाणात असे सहसा घडत नाही. इथे पाणी मुरमात, लाव्हाच्या दोन थरांच्या सांध्यात, नाहीतर एखाद्या भेगेत सापडते आणि वीस पावलांवर सापडत नाही. तरी जमिनीखालून वाहत येणाऱ्या पाण्यावर वस्ती जगवण्याची कल्पना मराठवाड्याला परकी नाही. सतराव्या शतकात मलिक अंबरने औरंगाबादला, म्हणजे तेव्हाच्या खडकीला, नहर बांधून डोंगराकडचे पाणी जमिनीखालून आणले होते. असे पाणी पिणाऱ्या वस्तीला आपले मूळ कुठे आहे याचा कालांतराने विसर पडतो. मानों त्या गावाला तेच आठवायला लावते.

गावाचे कारंजे आटल्यावर जे घडते त्यात बेरी यांनी पुष्कळ वेळ घेतला आहे आणि तो सार्थकी लागला आहे. सरकारी तज्ज्ञ येतो, सभेत उभा राहून जमिनीखालच्या पाण्याविषयी शास्त्रीय भाषेत बोलत राहतो, आणि आम्हाला पाणी कधी मिळेल एवढेच लोक विचारत राहतात. टँकरने येणाऱ्या पाण्यावर भांडणे सुरू होतात. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. एप्रिलमधल्या पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले होते, आणि त्याआधी शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. त्या उन्हाळ्यात मी लातुरातच होते. टँकरच्या नळीभोवती घागरींची रांग लागलेली असताना एरवी एकमेकींच्या घरी हळदीकुंकवाला जाणाऱ्या बायका कशा आवाजात बोलत होत्या ते मी ऐकलेले आहे. म्हणून चित्रपटातली ही भांडणे मला अतिरंजित वाटत नाहीत.

मग गाव देवाकडे वळते. पाद्री चर्चमध्ये एरवी न दिसणाऱ्या माणसांकडे पाहत प्रवचन देतो आणि कोणाच्या तरी पापामुळे पाणी गेले आहे असे स्पष्ट सुनावतो. मिरवणुकीची तयारी होते. आपल्याकडे पाऊस ताणला की गाभाऱ्यात पाणी भरून महादेव कोंडतात, पोरे धोंडी मागत घरोघर फिरतात. त्या वेळी कोणाच्या पापाने पाऊस अडला याची कुजबुज इथेही होते. फरक एवढाच की त्या फ्रेंच गावात कुजबुज करणाऱ्या प्रत्येकाला पाप कोणते ते मनातून ठाऊक आहे. नवा शाळामास्तर बेर्नार हा एकटा त्यातून मुक्त आहे, कारण तो बाहेरचा आहे. हे पात्र मला चित्रपटातले सगळ्यात कच्चे वाटते. मानोंला प्रियकर हवा आणि प्रेक्षकाला समजूतदार माणूस हवा, म्हणून तो आणल्यासारखा दिसतो.

गावकरी जमलेले असताना मानों सेझार आणि उगोलाँवर उघड आरोप करते. सेझार पुरावा मागतो. तेव्हा डोंगरात चोरून शिकार करणारा एक जण पुढे येतो आणि आपण त्यांना झरा बुजवताना पाहिले होते असे सांगतो. दहा वर्षे हा माणूस गप्प होता. त्या क्षणी उगोलाँ जे करतो त्याची अपेक्षा कोणालाच नसते. तो सगळ्या गावासमोर मानोंला आपले प्रेम सांगतो, आपली फुले, आपले सोने, काकाची इस्टेट, सगळे तिच्या पायाशी ठेवतो. ती तोंड फिरवते. पुढे तो झाडाला गळफास घेतो. मिरवणुकीच्या आदल्या रात्री मानों आणि बेर्नार प्रवाह मोकळा करतात, दुसऱ्या दिवशी देवाची मूर्ती घेऊन आलेल्या लोकांसमोर कारंज्याला पाणी येते आणि सगळे त्याला चमत्कार मानतात. पुढे मानों आणि बेर्नार यांचे लग्न होते.

दुसरा कोणी दिग्दर्शक असता तर चित्रपट इथे संपवला असता. मार्सेल पान्योल यांची ही कथा मात्र आणखी एक पाऊल टाकते. पान्योल १८९५ साली ओबान्य या गावी जन्मले आणि मार्सेयजवळच्या याच डोंगरांत त्यांच्या लहानपणीच्या सुट्ट्या गेल्या. त्यांनी १९५२ साली ‘मानों दे सुर्स’ हा चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला, आणि दहाएक वर्षांनी त्याच कथेवरून दोन खंडांची कादंबरी लिहिताना मागे जाऊन जाँची सगळी हकिगत उभी केली. म्हणजे ज्याला आपण उत्तरार्ध म्हणतो तो मुळात आधी जन्मला होता आणि पूर्वार्ध नंतर आला. बेरी यांनी कादंबरीचे दोन्ही खंड घेतले, ही त्यांची फार मोठी दृष्टी.

मी हा चित्रपट दुसऱ्यांदा पाहिला तो माझ्या थोरल्या आत्याबरोबर. तिला इंग्रजी उपशीर्षके वाचता येत नाहीत, म्हणून मी मध्ये मध्ये मराठीत सांगत होते. तिच्या तरुणपणी भावांनी तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली. माहेरच्या मळ्यातल्या विहिरीत आता तिचे काही नाही, याविषयी ती कधी बोलत नाही. मानोंच्या रूपाचे, सुडाचे तिला फारसे कौतुक वाटले नाही. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “अगं बाई, पण त्या फ्लोरेतला कुणी इचारलंच न्हाई का? तिचं काय झालं व्हतं?” पहिल्या भागाच्या नावात फ्लोरेत आहे, जमीन तिच्या माहेरची, जाँ तिचा मुलगा, आणि तरीही दोन्ही चित्रपटांत ती एकदाही पडद्यावर येत नाही. आत्याचा प्रश्न चित्रपटाच्या शेवटी उत्तर मिळणारा एकमेव महत्त्वाचा प्रश्न आहे.

हे उत्तर एक आंधळी म्हातारी देते. देल्फीन तिचे नाव. ती पुष्कळ वर्षांनी गावात परतली आहे. चर्चजवळच्या बाकावर बसून ती सेझारला जुन्या दिवसांतले विचारते. तो तरुणपणी सैन्यात आफ्रिकेत असताना फ्लोरेतने त्याला पत्र पाठवले होते : आपल्याला दिवस गेले आहेत, लग्न करशील असे कळव. ते पत्र सेझारला पोहोचलेच नाही. उत्तर न आल्याने फ्लोरेतने मूल पाडण्यासाठी नाना उपाय केले, आणि शेवटी दुसऱ्या गावच्या माणसाशी लग्न केले. सेझार विचारतो, मूल मेलेच जन्मले का? देल्फीन सांगते की नाही, जिवंत जन्मले, पण पाठीला कुबड घेऊन.

या वाक्यावर सेझारचे काम करणाऱ्या ईव्ह मोंताँ यांच्या चेहऱ्यावर जे होते ते मला नेमके वर्णन करता येत नाही. ते रडत नाहीत. डोळे स्थिर असतात, तोंड किंचित उघडते, आणि माणूस बसल्या जागी म्हातारा होतो. मोंताँ स्वतः मार्सेयमध्ये वाढलेले. त्या मातीतला हट्टीपणा, चिकाटी, आपलेपणाचा आणि वैराचा एकच सूर त्यांच्या बोलण्यात आहे. सेझारला हवा होता वंश. घराण्याचे नाव, जमीन, साठवलेले सोने पुढे जावे म्हणून त्याने जे जे केले त्यातून त्याचा स्वतःचा मुलगा पाण्यासाठी तळमळत मेला, आणि ज्या पुतण्यासाठी हे केले तो झाडाला लटकला. पहिला भाग पुन्हा आठवून पाहिला की जाँ सेझारच्या डोळ्यांसमोर राबत होता ती प्रत्येक आठवण आता वेगळ्या अर्थाने बोचू लागते. संगीतकार जाँ-क्लोद पती यांनी व्हेर्दी या इटालियन संगीतकाराच्या ऑपेरातली जी धून दोन्ही भागांत फिरवली आहे, तिला या ठिकाणी पुरते बळ येते.

आपल्याकडे भाऊबंदकीची भांडणे तीन तीन पिढ्या चालतात. दिवाणी कोर्टात तारखा पडत राहतात, बांध कोरले जातात, एका आजोबाची नातवंडे लग्नात एकमेकांच्या पंगतीला बसत नाहीत. समोरचा आपल्याच रक्ताचा आहे हे तिथे सगळ्यांना ठाऊक असते आणि त्यामुळे कोणाचा हात थांबत नाही. म्हणूनच मला असे वाटते की सेझारला सत्य आधी कळले असते तर तो झरा मोकळा करून बाजूला झाला असता, असे मानणाऱ्या प्रेक्षकांनी जरा थांबून विचार करावा. मुलगा आहे म्हणून त्याने पाणी दिले असते, यात शंका नाही. प्रश्न असा की पाणी मिळण्यासाठी कोणाचा तरी मुलगा असणे का लागावे?

मरण्याआधी सेझार मानोंला पत्र लिहून सगळे सांगतो आणि आपली सगळी मालमत्ता, घर, जमीन, सोने तिच्या नावे करतो. कायद्याने आणि रक्ताने जे तिचे होते तेच तिला परत मिळते, एवढाच त्याचा अर्थ. माझी एक तक्रार मात्र इथे उरते. सेझार आणि उगोलाँ यांनी किंमत मोजली, गावाने मोजली नाही. गावाला पाणी मिळाले, चमत्कार मिळाला, पुढे मानोंचे लग्नही साजरे करायला मिळाले. ज्या दोघांच्या गप्पांमधून ही सगळी गोष्ट पेटली त्यांच्यापैकी एकानेही मानोंजवळ जाऊन, आम्हाला ठाऊक होते आणि आम्ही बोललो नाही, असे सांगितल्याचे मला कुठे दिसले नाही. कारंज्याला पाणी येते त्या दृश्यात बेरी यांनी कॅमेरा मानों आणि बेर्नारवर नेण्याआधी त्या दोघांच्या चेहऱ्यांवर थोडा वेळ ठेवायला हवा होता.